स्क्रीनवर दिसतं ते फोटोत उतरतं का?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात, हिंसेच्या नोंदी कशा ठेवाव्यात या सत्रात केलेलं भाषण. बोलीचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सकाळी कायदा झाला, जबाब कसा लिहून घ्यायचा ते झालं. माझ्या वाट्याला कॅमेरा आलाय. चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, फोटोचं एवढं शिकायला काय लागतं? बटण दाबलं की निघतो." निघतो, खरंच निघतो. प्रश्न एवढाच आहे, की बाईच्या पाठीवरचा जो वळ तुम्हाला डोळ्यांनी दिसत होता, तो वर्षभरानंतर टेबलापलीकडे बसलेल्या परक्या माणसाला त्या फोटोत दिसतो का? पुष्कळदा दिसत नाही. काढताना कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर मात्र तो स्वच्छ दिसलेला असतो. हे असं का होतं आणि ते होऊ नये म्हणून स्क्रीनकडे कसं बघायचं, एवढंच आज सांगणार आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई, फोटोग्राफर नव्हे. समुपदेशन केंद्रात बसून, केंद्राला देणगीत मिळालेल्या एका कॅमेऱ्यावर जे शिकावं लागलं तेच माझ्याजवळ आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहील. मथुरा प्रकरण तुम्हाला माहीत आहे. घटना १९७२ची. नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या दोन पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सोडून दिलं. त्या निकालात तिच्या अंगावर जखमेची खूण नाही, या गोष्टीला केवढं वजन दिलं गेलं होतं! त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. ही लढाई कशासाठी होती? खूण नाही म्हणजे अत्याचार नाही, हे म्हणणं मोडून काढण्यासाठी. तेव्हा आपणच आता कॅमेरा हातात घेऊन दारात आलेल्या बाईला "खूण दाखव" म्हणायला लागलो तर सगळं उलटं होईल. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शिवीगाळ, मानसिक छळ, पैशाची कोंडी, सगळ्याला हिंसाच म्हणतो. फोटो हा जिथे खूण आहे तिथे ती पुसली जाण्याआधी जपून ठेवण्यासाठी. आणि तोही डॉक्टरांच्या दाखल्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे.

आता कॅमेरा.

डीएसएलआर कॅमेऱ्याला वर एक छोटी खिडकी असते, तिला डोळा लावून बघतात. तिच्यातून जे दिसतं ते भिंगातून आरशावर पडून आलेलं. म्हणजे तुमचाच डोळा बघतोय. फोटो काळा येणार की पांढरा, हे ती खिडकी चित्रातून सांगत नाही. लाइव्ह व्ह्यूचं बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतंय ते मागच्या स्क्रीनवर येतं. २००६-०७पासून अशा कॅमेऱ्यांत ही सोय यायला लागली. मोबाइलला तर दुसरी खिडकीच नाही, तो कायम लाइव्ह व्ह्यूच. म्हणून आजचं बोलणं मोबाइलवाल्या बहुसंख्य मैत्रिणींनाही लागू आहे.

मग सेन्सरला दिसतंय तेच स्क्रीनवर आहे, तर अडचण कुठे? अडचण अशी, की स्क्रीन हा एक दिवा आहे. अंधाऱ्या खोलीत दिवा उजळ वाटतो, भर उन्हात तोच विझल्यासारखा वाटतो. आपण बहुतेक वेळा कुठे असतो? वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, संध्याकाळी, एका पिवळ्या बल्बखाली, दार लोटून. तिथे तुमचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. स्क्रीनवरचा फोटो तुम्हाला झकास उजळ दिसतो. तोच दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडला की काळवंडलेला. याच्या उलट, दुपारी अंगणात फोटो काढला तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, म्हणून बाई उजेड वाढवत जाते आणि कातडी पांढरीफटक होऊन वळ त्यात बुडून जातो. कॅमेरा दोन्ही वेळा इमानदारीने वागलेला असतो. फसलेला असतो डोळा.

त्यावर पहिला उपाय साधा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनचा उजेड मधोमध ठेवून द्या. आपोआप कमीजास्त होण्याची सोय असेल तर ती बंद करा. उन्हात असाल तर ओढणी किंवा पदर डोक्यावरून स्क्रीनवर घ्या, जुने फोटोवाले काळं कापड घेत तसा. आणि बघताना स्क्रीन समोरासमोर धरा, तिरकी धरली की पुष्कळ स्क्रीनवर रंग फिरतात.

दुसरा उपाय खरा भरवशाचा. स्क्रीनवर 'इन्फो' किंवा 'डिस्प' असं बटण दाबत गेलं की एका कोपऱ्यात डोंगरासारखा छोटा आलेख येतो. त्याला हिस्टोग्राम म्हणतात. घाबरू नका, गणित नाही. समजा फोटोतले सगळे ठिपके वेचून तुम्ही ओट्यावर मांडले, अगदी काळे डावीकडे, अगदी पांढरे उजवीकडे, मधले मधे. जिथे जास्त ठिपके तिथे ढीग उंच. झाला हिस्टोग्राम. ढीग डाव्या भिंतीला चिकटून उभा असेल तर फोटोतला काही भाग ठार काळा झालाय. उजव्या भिंतीला चिकटला असेल तर काही भाग कोरा पांढरा झालाय. कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी त्या कोऱ्यातून वळ परत येत नाही. अंधाऱ्या खोलीने किंवा उन्हाने हा आलेख फसत नाही, कारण तो दिव्याच्या उजेडावर नाही, ठिपक्यांच्या मोजणीवर चालतो. बहुतेक कॅमेऱ्यांत काढलेल्या फोटोवर कोरा झालेला भाग लुकलुकून दाखवायचीही सोय असते. ती चालू ठेवा.

आणखी एक खाचखळगा आहे. सगळे कॅमेरे लाइव्ह व्ह्यूमध्ये होणाऱ्या फोटोइतकाच उजेड दाखवतात असं नाही. काहींत ती सोय वेगळी चालू करावी लागते. कॅननच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत स्क्रीनच्या खाली 'एक्स्प. सिम' असं चिन्ह असतं. ते स्थिर असेल तर स्क्रीनवरचा उजेड होणाऱ्या फोटोच्या जवळपासचा आहे. लुकलुकत असेल तर खोली इतकी अंधारी किंवा इतकी उजळ आहे, की स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. आणि फ्लॅश लावलात तर फ्लॅशचा उजेड स्क्रीनवर आधी दिसणं शक्यच नाही, तो बटण दाबल्यावरच पडणार. तसाही समोरून मारलेला फ्लॅश आपल्या कामाला वाईट. तो सूज सपाट करतो, घामेजलेल्या कातडीवर पांढरा डाग उमटवतो आणि मार खाऊन आलेल्या बाईच्या तोंडावर अचानक भडका उडवतो. खिडकीजवळ बसवा, ऊन थेट पडणार नाही अशी. उजेड बाजूने तिरका येऊ दे. सूज असेल तर तिरक्या उजेडातच तिची सावली पडून ती उठून दिसते.

आता ज्यासाठी मी मुख्यतः हे सत्र मागून घेतलं ती गोष्ट. आपल्या बायकांचा रंग.

कॅमेरा उजेड मोजतो तो एक गृहीत धरून. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडं आहे, असं तो मानतो. समोर पांढरी भिंत असली तर तिलाही तो करडी करायला जातो आणि सगळा फोटो अंधारा काढतो. समोर काळी घोंगडी असली तर तिलाही करडी करायला जातो आणि फोटो नको इतका उजळ काढतो. आता चुन्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर, पांढऱ्या चादरीवर, सावळी बाई बसवा. भिंत करडी झाली आणि बाईचा चेहरा काळोखात गेला. सावळ्या कातडीवर काळानिळा डाग मुळातच कमी उठून दिसतो. तो जो काही थोडका फरक होता तोही त्या काळोखात गेला. एका प्रकरणात पोलीस ठाण्यातून काढलेले सहा फोटो आमच्या हातात आले. पांढऱ्या टाइल्सच्या भिंतीसमोर उभी केलेली बाई. टाइल्समधल्या सिमेंटच्या रेघा मोजता येत होत्या. तिच्या गळ्यावर काय होतं ते मात्र एकाही फोटोत नव्हतं. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. फोटो काढणाऱ्याला स्क्रीनवर बाई दिसली, त्याच्या लेखी काम संपलं.

आणि हे आजचं नाही. रंगीत फोटोंच्या जमान्यात लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक कंपनी एक नमुन्याचं कार्ड पाठवत असे, त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. शर्ली कार्ड म्हणत त्याला. तिची कातडी बरोबर आली की छपाई बरोबर. बाकीच्या जगाची कातडी कशी येते याचा विचार पुष्कळ उशिरा झाला, वेगवेगळ्या वर्णाच्या बायका त्या कार्डावर यायला १९९०चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे "काळी आहे म्हणून फोटोत चांगली येत नाही" हे जे आपण लहानपणापासून ऐकलं, त्यात आपल्या रंगाचा दोष किती आणि ज्याने माप ठरवलं त्याचा किती, हे ज्याचं त्यानं बघावं.

करायचं काय? भिंत शक्यतो मधल्या रंगाची शोधा, किंवा मागे एखादी साधी करडी, निळी चादर धरा, चकचकीत नको. कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण असतं. पांढऱ्यासमोर अधिक एकने सुरुवात करा, लागलं तर दोनपर्यंत जा. एकेक पायरीने उजेड दुप्पट होतो, हे लक्षात असू द्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये अधिक केल्याबरोबर चेहरा उजळताना दिसतो, हा त्याचा मोठा फायदा. पण थांबायचं कुठे ते आलेखावर ठरवा. आणि उलटी बाजूही सांगते. जवळून फोटो घेताना सगळी चौकट सावळ्या कातडीनेच भरली, तर कॅमेरा तिला उजळवायला बघतो. तेव्हा उणे करावं लागतं, अर्धी किंवा एक पायरी. सावळ्या कातडीचा ढीग आलेखावर मधल्या रेषेच्या थोडा डावीकडे असणं हे योग्यच आहे. त्याला ओढून मधोमध आणू नका. बाई गोरी दिसावी यासाठी हा फोटो नाही.

लाल रंगाबद्दल एक. काही कॅमेरे तांबडा, हिरवा, निळा असे तीन वेगळे ढीग दाखवतात. कातडीवर उजेड पडला की तांबडा ढीग सगळ्यात आधी उजव्या भिंतीला जाऊन टेकतो, बाकीचे दोन मागेच असतात, आणि एकत्र आलेख बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण चापटीची लाली, चटका, ओरखडा, सगळं त्या तांबड्यातच असतं. तो भिंतीला टेकला की लाली आणि कातडी एक होते. म्हणून तीन ढीग दिसत असतील तर तांबड्यावर नजर ठेवा. पिवळा बल्ब असेल तर हे जास्त होतं. शक्य तर बल्ब बंद करून खिडकीचा उजेड घ्या. दोन्ही मिसळले की अर्धी कातडी पिवळी, अर्धी निळसर, आणि डागाचा रंग कुठला खरा हे कुणालाच सांगता येत नाही. पहिल्या एका फोटोत जखमेशेजारी कोरा पांढरा कागद धरलात तर नंतर पाहणाऱ्याला रंगाचा अंदाज घेता येतो. रंगावरून जखम किती तासांची हे मात्र सांगू नका. डॉक्टरांनाही ते नेमकं सांगता येत नाही. खोल मार कधीकधी एक-दोन दिवसांनी वर येतो, म्हणून बाईची तयारी असेल तर दोन दिवसांनी पुन्हा बोलवा आणि त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढा.

फोकसकडे येते. इथे स्क्रीन जास्तच गोड बोलते. कॅमेऱ्याच्या मागची तीन इंचाची स्क्रीन साधारण तीन लाख ठिपक्यांची असते. फोटो असतो दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा. म्हणजे ऐंशी ठिपक्यांचा एकच करून तुम्हाला दाखवला जातो. धूसर फोटोही इतका लहान केला की रेखीवच दिसणार! पासपोर्टच्या फोटोत सगळे देखणे दिसतात, तसं.

म्हणून लाइव्ह व्ह्यूमधलं भिंगाचं चिन्ह असलेलं बटण. एकदा दाबलं की चित्र पाचपट मोठं होतं, पुन्हा दाबलं की दहापट. बाणांच्या बटणांनी तो चौकोन जखमेवर न्या. मग भिंगावरची कडी हाताने हळू फिरवा. चित्र धूसर, मग रेखीव, मग पुन्हा धूसर होईल. जिथे सगळ्यात रेखीव होतं तिथे परत या. आपोआप फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये पुष्कळदा कडा शोधून चालतो, आणि सुजलेली गुळगुळीत कातडी म्हणजे कडाच नसलेली जागा. कॅमेरा पुढेमागे चाचपडत राहतो आणि शेवटी केसांवर, मंगळसूत्रावर, ब्लाऊजच्या काठावर जाऊन बसतो. त्याला धरायला कडा द्या. जखमेशेजारी, तिच्याच पातळीत, कातडीला लागून एक सेंटिमीटरची पट्टी ठेवा. पट्टीवरच्या रेघांवर फोकस केला की शेजारची जखमही फोकसमध्ये येते, आणि जखमेची लांबीरुंदीही नोंदली जाते. पण पट्टी उंच धरली तर पट्टी रेखीव आणि जखम धूसर, हे होतं. कॅमेरा कातडीला समांतर धरा. तिरका धरला तर एक टोक फोकसमध्ये, दुसरं बाहेर, आणि मापही खोटं.

प्रत्येक भिंगाला एक किमान अंतर असतं, त्याच्या आत गेलात तर काही केल्या फोकस होत नाही. स्क्रीन दहापट केली आणि कडी कितीही फिरवली तरी रेखीव होत नाही असं दिसलं, की एक वीतभर मागे या. आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बहुतेक कॅमेरे भिंगाचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून दाखवतात, मिटतात फक्त फोटो काढताना. त्यामुळे दंडासारख्या गोल भागावर किती पुढेमागे रेखीव येणार हे स्क्रीन आधी नीट सांगत नाही. एफ ८च्या आसपास ठेवा, एक फोटो काढा आणि काढलेला फोटो मोठा करून चारही कोपरे फिरून बघा.

तिथेच दुसराही निदान होतं. मोठा करून बघितल्यावर जखम धूसर पण मागची उशी रेखीव असेल तर फोकस चुकलाय. सगळंच एका दिशेने फरफटलेलं असेल तर हात हललाय. लाइव्ह व्ह्यूमध्ये आपण कॅमेरा हात लांब करून धरतो, म्हणून तो जास्तच हलतो. कोपरं अंगाशी धरा, कॅमेऱ्याचा पट्टा मानेत ताणून धरा, भिंतीला टेका. शटर सेकंदाच्या एकसाठांशापेक्षा मंद होऊ देऊ नका. त्यापायी आयएसओ वाढवून फोटोत दाणे आले तर येऊ देत. दाणेदार वळ वळच असतो. फरफटलेला वळ मात्र सावली म्हणून उडवून लावता येतो.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, बाई समोर रडत बसलीय आणि ही ताई आलेख बघत बसणार! बरोबर आहे. म्हणून हे सगळं आधी आपापसात, स्वतःच्या हातावर करून बघायचं. बाईसमोर शिकायचं नाही.

पण मला लाइव्ह व्ह्यू आवडतो याचं कारण वेगळंच आहे. खिडकीला डोळा लावला की माझा चेहरा कॅमेऱ्यामागे जातो, आणि बाईला दिसतं एक काळं यंत्र. स्क्रीनवर काढताना माझा चेहरा उघडा असतो, मी तिच्याशी बोलू शकते. आणि मुख्य म्हणजे ती स्क्रीन तिच्याकडे वळवता येते. "हे असं येतंय. एवढंच घेऊ का? चेहरा नको असेल तर असं घेते." संमती म्हणजे फॉर्मवरची सही नव्हे. कुठला भाग, किती उघडा, चेहऱ्यासकट की वेगळा, हे तिनं चौकट बघून ठरवायचं. लांबून एक फोटो ओळख पटावी म्हणून, मधून एक जखम अंगावर कुठे आहे ते कळावं म्हणून, आणि जवळून पट्टीसकट, असे तीन लागतात, हेही तिला आधी सांगावं. तिनं नाही म्हटलं तर कॅमेरा पिशवीत. जबाब तरीही होतो, डॉक्टरकडे तरीही जाता येतं.

भाजी विकणारी एक बाई आमच्याकडे आली होती. तिला मी स्क्रीन दाखवली, दंड मोठा करून. तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा नको घेऊस पोरी, हा पाटीच्या दोरीनं झालाय. त्यानं मारलेला इकडं हाय, आतल्या अंगाला." आतल्या अंगाला, काखेजवळ, मला उभ्याने दिसलाच नसता. दोन्हींचे फोटो घेतले, आणि कुठला कशाचा ते तिच्या शब्दांत वहीत लिहिलं. पुढे समोरच्या वकिलानं नेमकं पाटीच्या डागाबद्दल विचारलं. उत्तर वहीत तारखेसह होतं.

फोटो काढल्यानंतरचं भराभर सांगते, कारण उद्या वकीलताई ते सविस्तर घेणार आहेत. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि तारीख शिबिरातून निघण्याआधी बरोबर लावा. वाईट आलेला फोटोही कॅमेऱ्यातून पुसू नका. फायलींचे नंबर ओळीने असतात, मधला नंबर गायब दिसला की प्रश्न निघतो. मूळ फाइल उजळवू नका, करायचं ते नकलेवर करा. मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. ती डाग पुसण्यासाठीच बनवलेली आहे! मोबाइलवर जखमेवर बोट टेकवलं की तिथे फोकस होतो, टेकवून धरून ठेवलं की बहुतेक फोनमध्ये तो कुलूपबंद होतो, मग बोट वरखाली सरकवून उजेड कमीजास्त करता येतो. फोटो व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि त्याला चिकटलेली तारीखवेळेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, कार्यकर्त्यांच्या सुद्धा नाही.

न्यायालयात असा फोटो नुसता छापून चालत नाही, त्याला प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे ठामपणे सांगितलं. आता १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३खाली ते प्रमाणपत्र दोन भागांत द्यावं लागतं, एक उपकरण वापरणाऱ्याचा आणि एक तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. तेव्हा कोणता कॅमेरा, कोणतं कार्ड, कोणी काढला, कधी कॉम्प्युटरवर घेतला, हे त्याच दिवशी वहीत लिहा. एक प्रत बाईची. ती घरी ठेवू शकत नसेल तर कोणाकडे ठेवायची, हे तिला विचारा.

आता बोलणं पुरे. दोघीदोघींच्या जोड्या करा. चार कॅमेरे आहेत, बाकीच्यांनी मोबाइल घ्या. मैत्रिणीच्या हातावर पेनाने एक फिकट रेघ काढा. एकदा इथे पांढऱ्या भिंतीसमोर, एकदा बाहेर ओसरीवर, एकदा आतल्या अंधाऱ्या खोलीत फोटो घ्या. पहिले तीन स्क्रीनवर बघून, दुसरे तीन आलेख आणि भिंगाचं बटण बघून. पट्ट्या टेबलावर ठेवल्यात. ज्यांचा रंग माझ्यासारखा आहे त्यांनी आधी हात पुढे करा. अर्ध्या तासाने सगळे फोटो कॉम्प्युटरवर लावू, कोणाची रेघ दिसते ते बघू.